चाळीस मजले आणि मधली जागा

घरासंबंधीं कांहींतरी लिहावें, अशी सूचना या पानाच्या वाचकांकडून गेल्या वर्षभरांत वारंवार आली. तिचें कारण उघड आहे. पुण्यांत वाडे पडत आहेत, मुंबईंत चाळी पडत आहेत, आणि दोहोंच्या जागीं मनोरे उठत आहेत. ज्या घरीं जावें तेथें एकच बोलणें कानीं येतें : चौरस फूट किती मिळणार, मजला कोणता येणार, आणि वडील मंडळींना तेथें करमेल काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें करारपत्रांत सांपडतात. तिसऱ्याचें उत्तर कोणत्याहि करारपत्रांत नसतें. तेव्हां एखादी उंच इमारत पायापासून माथ्यापर्यंत नीट समजून घ्यावी, आणि मग त्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळावें, असें मनाशीं ठरवून आज वरळीच्या बी. डी. डी. चाळींची हकीकत सांगणार आहें.

या चाळींशीं माझा संबंध शिक्षकीच्या नात्यानें आला. तेथील पुष्कळ मुलें आमच्या शाळेंत येत. त्यांपैकीं एक पुढें स्थापत्य-अभियंता झाला. उंच इमारतींचे सांगाडे उभे करण्यांत त्याचीं वीस वर्षें गेलीं आहेत. वरळीच्या या कामाशीं त्याचा नोकरीचा संबंध नाहीं. संबंध आहे तो घराचा. त्याच्या मातोश्री लग्न होऊन आल्या त्या तेथल्या एका खोलींत, आणि पुढचीं साठ वर्षें त्याच खोलींत राहिल्या. त्यामुळें हा गृहस्थ एकाच इमारतीकडे दोन प्रकारें पाहूं शकतो : अभियंत्याच्या डोळ्यानें आणि मुलाच्या डोळ्यानें. खालील माहिती समजून घेतांना त्याचें मला फार साहाय्य झालें.

प्रथम पूर्वपीठिका. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत राहत्या जागेची टंचाई असह्य झाली, तेव्हां गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ नांवाचें खातें निघालें. या खात्याच्या नांवाचीं आद्याक्षरें म्हणजेच ‘बी. डी. डी.’ बॅकबे येथें समुद्र हटवून जमीन काढण्याचें, पुढें ‘लॉईडची घोडचूक’ म्हणून गाजलेलें कामहि याच खात्याचें. कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता, आणि त्याकरितां शहरांत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया कर बसविला होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी या चार ठिकाणीं मिळून २०७ चाळी झाल्या. त्यांपैकीं १२१ एकट्या वरळींत. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. मधून एक लांब वाट, आणि तिच्या दोहों अंगांना दहा-दहा दारें. शौचकूप मजल्याला सामाईक.

या इमारती सिमेंट-काँक्रीटच्या होत्या, आणि तो प्रकार त्या वेळीं इतका नवा व रुक्ष वाटला कीं आरंभीं कामगार तेथें जाईनात. कित्येक खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. १९३० च्या कायदेभंगाच्या काळांत सरकारनें वरळींतील कांहीं चाळींचा सत्याग्रह्यांसाठीं तात्पुरता तुरुंग केला. ज्या घराचा तुरुंग होऊं शकतो तें घर घर म्हणून कितपत चांगलें असेल, हें निराळें सांगावयास नको! तरीहि माणसें आलीं, संसार थाटले गेले, आणि त्या मधल्या वाटेवर तीन-चार पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या.

या चाळी शंभरीला टेकल्या तसा त्यांचा काँक्रीट सुटूं लागला व आंतल्या सळ्या गंजून बाहेर डोकावूं लागल्या. राज्य शासनानें पुनर्विकासाची योजना केली आणि काम म्हाडाकडे दिलें. २०१७ सालीं भूमिपूजन झालें; वरळीच्या कामास खरी चालना २०२१ मध्यें मिळाली; आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजीं पहिल्या दोन विंगांतील ५५६ कुटुंबांना किल्ल्या देण्यांत आल्या. मूळ रहिवाशांच्या या इमारती चाळीस मजल्यांच्या. १६० चौरस फुटांच्या खोलीबद्दल ५०० चौरस फुटांचें घर, तेंहि मालकी हक्कानें व विनामूल्य. खर्च भागावयाचा तो त्याच आवारांत विक्रीसाठीं उभ्या राहणाऱ्या इमारतींतून. शंभर वर्षांपूर्वीं पैका कापसाच्या गांठीनें दिला. आतां तो जमिनीनें द्यावयाचा आहे.

येथें एक लहानसा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. जुन्या चाळींत एका मजल्यावर वीस खोल्या. वीस गुणिलें १६० म्हणजे ३,२०० चौरस फूट. नव्या इमारतींत दोन विंगांत ५५६ घरें, म्हणजे एका विंगेंत २७८. चाळीस मजल्यांवर वांटलीं तर मजल्याला सरासरीनें सात. सात गुणिलें ५०० म्हणजे ३,५०० चौरस फूट. पाहा, एका मजल्यावरची राहती जागा जवळजवळ तेवढीच राहिली. फरक इतकाच, कीं जेथें वीस चुली पेटत तेथें सात पेटणार, आणि उरलेलीं तेरा कुटुंबें आकाशांत वर गेलीं. मनोऱ्याची सारी कथा या एका वजाबाकींत आहे. तीं तेरा कुटुंबें वर कशीं गेलीं व वर कशाच्या आधारानें राहिलीं, तें आतां पाहूं.

सामान्य माणसाची समजूत अशी असते, कीं उंच इमारतीपुढील मुख्य अडचण म्हणजे तिचें स्वतःचें ओझें. माझीहि तीच होती. माझ्या विद्यार्थ्यानें ती दुरुस्त केली. तो म्हणाला, “गुरुजी, ओझें सरळ खालीं जातें, त्याचा बंदोबस्त सोपा. आमचा खरा शत्रु वारा, कारण तो आडवा येतो.” मुंबईसाठीं अभियंते मूळ हिशेबाला ताशीं सुमारें १५८ किलोमीटर वेगाचा वारा धरतात. तो जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा; वर जावें तसा वेग वाढत जातो. नुसता हा मूळ वेग घेतला तरी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारें ११८ किलो वजनाइतका दाब येतो. एक मजला तीन मीटरचा धरला तर चाळीस मजले म्हणजे १२० मीटर. इमारतीची एक बाजू २५ मीटर रुंद आहे असें समजलें, तर त्या बाजूवर साडेतीनशे टनांचा रेटा झाला. हा हिशेब अर्थात् ढोबळ आहे. पण त्यावरून कल्पना यावी.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. रुंदी तीच ठेवून उंची दसपट केली, तर वाऱ्याचा इमारतीला उलथविणारा जोर दसपट होत नाहीं. तो शंभरपट होतो. आणि इमारतीचा ताठपणा पूर्वींचाच ठेवला, तर तिचा माथा दहा हजारपट हलेल! चार मजल्यांची चाळ रचावी तशी चाळीस मजल्यांची इमारत रचतां येत नाहीं, ती यासाठीं. ती चाळच उंच केलेली नसते. ती जातीनेंच निराळी वस्तु असते. चाळ जमिनीवर ठेवलेली असते, मनोरा जमिनींत रोवलेला असतो. वारा आला म्हणजे तो किंचित् हलतो, आणि तसें हलणें त्याला मंजूर असतें. मात्र त्याची मर्यादा शास्त्रानें बांधून दिली आहे. वाऱ्यानें माथा उंचीच्या पांचशेव्या हिश्शाहून अधिक सरकूं नये, असा आपल्याकडील नियम आहे. १२० मीटरच्या इमारतींत ही मर्यादा २४ सेंटिमीटरची, म्हणजे एका विंतीच्या आसपासची होते.

मग हा ताठपणा आणावयाचा कोठून? आपल्या खळ्यांतला तिवडा ज्यांनीं पाहिला असेल त्यांना उत्तर पटकन् उमगेल. खळ्याच्या मध्यभागीं खांब रोवलेला असतो, आणि बैल त्याच्या आधारानें फिरतात. मनोऱ्याच्याहि पोटांत असाच एक तिवडा असतो. लिफ्ट आणि जिने यांच्याभोंवतीं जाड काँक्रीटच्या भिंतींची एक पेटी पायापासून माथ्यापर्यंत अखंड नेतात. तिला ‘कोअर’ म्हणतात, आपण ‘गाभा’ म्हणूं. वाऱ्याचा व भूकंपाचा आडवा जोर मुख्यतः हा गाभा आणि घरांमधल्या काँक्रीटच्या भिंती झेलतात. दुसरीहि एक रीत आहे. ढाक्याला १९२९ सालीं जन्मलेले व पुढें शिकागोंत नांवारूपाला आलेले अभियंता फजलूर रहमान खान यांनीं गाभ्याचें काम इमारतीच्या बाहेरच्या अंगाला दिलें. बांबू आंत पोकळ असून बाहेरच्या सालीच्या बळावर उभा राहतो, तशी बाहेरच्या खांबांची दाट नळी त्यांनीं केली. आणि १९६० नंतरच्या दशकांत शिकागोंतील डेविट-चेस्टनट या चाळीसांहून अधिक मजल्यांच्या राहत्या इमारतींत ती प्रथम वापरली. पुढें जगांतल्या कित्येक अत्युच्च इमारती याच विचाराच्या वाटेनें गेल्या.

गाभ्याची रीत मुंबईला नवी नाहीं. कुंबाला हिलवर वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनीं रचलेली ‘कांचनजंगा’ १९८३ सालीं पुरी झाली. २१ मीटर बाजूचा चौरस, ८४ मीटर उंची, २८ मजले, आणि मध्यें आडवा जोर झेलणारा काँक्रीटचा गाभा. तिची खरी कीर्ति मात्र दुसऱ्या कारणासाठीं आहे. मुंबईंत समुद्राची झुळूक पश्चिमेकडून येते, आणि पावसाची झडहि तिकडूनच येते. म्हणून जुन्या बंगल्यांना चहूंबाजूंनीं व्हरांडा असे. कोरिया यांनीं तोच व्हरांडा उचलून आकाशांत नेला. प्रत्येक घराच्या कोपऱ्याला दोन मजले उंचीची मोकळी सज्जावजा बाग दिली. उत्तम घर! पण २८ मजल्यांत कुटुंबें किती? तर ३२. एवढी हवा व एवढी जागा दर कुटुंबाला देणें ज्यांना परवडतें त्यांच्यासाठीं ती इमारत आहे. वरळीला २७८ कुटुंबें एका विंगेंत बसवावयाचीं, तेंहि त्यांच्याकडून घराची किंमत न घेतां. दोन्ही मनोरे, परंतु दोहोंपुढील कोडें एक नव्हे.

आतां प्रत्यक्ष बांधकाम. मुंबईची जमीन म्हणजे खालीं काळा कातळ आणि वर कोठें माती, कोठें चिखल, कोठें बेटें जोडतांना घातलेली भर. वरळी हें सुद्धां सात बेटांपैकीं एक. म्हणून आधीं जमिनींत भोंकें पाडून कातळ किती खोल आहे, तडकलेला आहे कीं एकसंध आहे, तें पाहतात. मग कोठें कातळावरच जाड काँक्रीटचा अखंड पाट घालतात, कोठें कातळांत खोल रुतविलेल्या खांबांवर तो बसवितात. या पाटाला ‘राफ्ट’ म्हणतात. त्यांत एक गंमत आहे. सिमेंट पाण्याशीं मिळालें म्हणजे उष्णता सुटते. पाट जाड असला तर पोटांतली उष्णता लवकर बाहेर पडत नाहीं, आंतून तापलेला व बाहेरून निवालेला काँक्रीट तडकतो. म्हणून असें मोठें काम अनेकदां रात्रीं करतात आणि मिश्रणाच्या पाण्यांत बर्फ घालतात. सात-आठ मजल्यांच्या घराला न लागणारी ही काळजी चाळीस मजल्यांना पहिल्याच दिवशीं लागते.

पाया झाल्यावर मजले चढूं लागतात. पूर्वीं लांकडी फळ्यांचे सांचे करीत. आतां मुंबईंतील बहुतेक उंच निवासी इमारतींत अल्युमिनियमचे सांचे वापरतात. कामावरचीं माणसें त्याला ‘मिवान’ म्हणतात. यांत एका मजल्याच्या सर्व भिंती व वरचा स्लॅब एकाच वेळीं ओततात. सांचा सोडवितात आणि तोच वरच्या मजल्यावर नेतात. काम सुरळीत चाललें म्हणजे आठ-दहा दिवसांत एक मजला पुरा होतो. दर ओतणीचे १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे करून ठेवतात, आणि अठ्ठाविसाव्या दिवशीं ते यंत्रांत दाबून फोडतात. ठरलेल्या दाबाच्या आधीं ठोकळा फुटला तर त्या मजल्याची चौकशी होते. परीक्षा घेण्यांत जन्म गेलेल्या मला ही रीत फार आवडली. विद्यार्थी पुढें गेल्यावर त्याची मागची परीक्षा घेण्याचें धैर्य आमच्या खात्याला कधीं झालें नाहीं!

या सांच्याच्या रीतीचा एक परिणाम मात्र प्रत्येक गृहस्थानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. अशा इमारतींत दोन खोल्यांमधली भिंत ही नुसता आडोसा नसते. पुष्कळ ठिकाणीं तीच वरचे मजले तोलून धरीत असते व वाऱ्याला अडवीत असते. आपल्या एकत्र कुटुंबांत अशी हौस फार, कीं दोघां भावांनीं शेजारची घरें घ्यावीं, मधली भिंत फोडावी, आणि पूर्वींसारखें एक मोठें माजघर करावें. भावना फार चांगली; पण या इमारतींत ती अंमलांत आणतां येत नाहीं. वाड्यांत भिंत फोडली तर बहुधा आपल्याच घराला धक्का लागे. येथें वरच्या तीस कुटुंबांच्या पायाखालचा आधार जातो. मुलाला स्वयंपाकघर वाढवून हवें आहे, सुनेला देवघर मोठें हवें आहे, अशा वेळीं कंत्राटदार जर म्हणाला, “एवढ्यानें कांहीं होत नाहीं,” तर त्याला दारांतूनच नमस्कार करावा, आणि अभियंत्याची लेखी संमति आल्यावांचून छिन्नी लावूं देऊं नये.

राहतां घर कसें चालतें, याहिविषयीं दोन गोष्टी. पाणी दहा मीटर चढवावयाचें तर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब लागतो. १२० मीटरला बारा किलोचा. हा दाब सरळ खालच्या मजल्यावरील नळाला लागला तर तोटीचा टिकाव लागणार नाहीं. म्हणून दाब तोडण्याची सोय ठिकठिकाणीं करावी लागते. आगीच्या बाबतींत तर अधिकच सावध राहिलें पाहिजे. मुंबईच्या अग्निशामक दलाची लांबांत लांब शिडी ९० मीटरच्या आसपास थांबते. तिच्या वरच्या लोकांनीं शिडीची वाट पाहत बसावयाचें नसतें. त्यांचें रक्षण इमारतीच्या रचनेंतच असतें. चोवीस मीटरच्या वर एक, आणि त्यानंतर दर सात मजल्यांनीं एक, अशी मोकळी आसऱ्याची जागा ठेवण्याचा मुंबईंत नियम आहे. तिला ‘रेफ्यूज एरिया’ म्हणतात. आग लागली म्हणजे लिफ्ट टाळून जिन्यानें तेथपर्यंत उतरावयाचें. या जागेंत सायकली, जुनीं कपाटें, गाद्या रचून ठेवलेल्या मीं स्वतः पाहिल्या आहेत. अडगळ ठेवण्यास जगांत पुष्कळ जागा आहे. ती एवढी जागा सोडावी.

इतकें सारें ऐकून, पाहून झाल्यावर माझ्या विद्यार्थ्यानें मला त्याच्या मातोश्रींकडे नेलें. त्यांना नवें घर मिळून थोडेच दिवस झाले होते. सव्विसावा मजला. खिडकींतून समुद्राची एक पट्टी दिसते. घरांतच न्हाणी, घरांतच शौचकूप. साठ वर्षें रांगेंत उभी राहिलेली ती माउली त्या एका सोयीविषयीं इतक्या कृतज्ञतेनें बोलली, कीं चाळीच्या आठवणींनीं गहिंवरून येणाऱ्या आमच्यासारख्या दुरून पाहणाऱ्यांनीं लाजावें. चाळींतल्या कष्टांचें गोडवें तेथें न राहिलेल्या माणसानें गाऊं नये, हें मला तेथें कळलें.

मग त्यांनीं मुलाला सहज विचारलें, “सगळें खरें रे बाबा. पण हिची मधली वाट कुठें आहे?”

मुलगा मला घेऊन दाराबाहेर आला. चार पावलांची एक जागा. समोर लिफ्टचीं दारें, बाजूला जिन्याचें दार, आणि सभोंवार बंद घरें. “गुरुजी,” तो म्हणाला, “मधली वाट म्हणायची तर ही. पण हा गाभा आहे. सगळी इमारत हिच्यावर उभी आहे. येथें आम्हांला मोकळी जागा सोडतां येत नाहीं.” तो अभियंता म्हणून बोलत होता, आणि तें अगदीं खरें होतें, परंतु त्याचा आवाज मुलाचा होता.

परत येतांना मला वास्तुविद्येचा पाठ आठवला. आपल्या शास्त्रांत वास्तुपुरुषाच्या मंडलाचे एक्यायशीं कोठे करतात, आणि त्यांतले मधले नऊ ब्रह्मदेवाचे. त्या ब्रह्मस्थानावर खांब देऊं नये, भार ठेवूं नये, असा दंडक आहे. वाड्याचा चौक म्हणजे तेंच ब्रह्मस्थान : वर आकाश, खालीं तुळस, चहूंकडे सोपे. कोण आलें, कोण गेलें, कोणाचें मूल रडतें, कोणाच्या घरीं आज चूल उशिरां पेटली, हें सर्व त्या मोकळ्या मध्यामुळें घराला आपोआप कळे. चाळ ही वाड्याची गरीब नात. तिला चौक मिळाला नाहीं, पण मधली वाट मिळाली, आणि वीस दारांनीं मिळून तिचाच चौक केला. मनोऱ्यानें मात्र हा क्रम उलटा केला आहे. त्याला मधोमधच सर्वांत जड, सर्वांत बंद वस्तु ठेवावी लागते. त्यांत रचनाकाराचा दोष नाहीं. जी वस्तु तेरा कुटुंबांना वर नेते व तेथें तोलून धरते, तीच वस्तु मधली जागा घेऊन बसते.

वडील मंडळींना तेथें करमेल काय, या प्रश्नाचें उत्तर मला येथें सांपडतें असें वाटतें. वाड्यांत व चाळींत माणसें भेटत, तीं भेटावयास निघत म्हणून नव्हे, तर इमारतच त्यांना भेटवी म्हणून. मनोरा हें काम करीत नाहीं. तो फक्त वर नेतो व खालीं आणतो. जें काम पूर्वीं भिंती करीत तें आतां माणसांनीं ठरवून करावयास हवें. एवढें एक पुरतें ध्यानांत घेतलें तर सव्विसाव्या मजल्यावरहि करमेल. न घेतलें तर तिसऱ्या मजल्यावरहि करमणार नाहीं.

म्हणून नव्या घरीं जाणाऱ्या कुटुंबांना माझें सांगणें असें आहे. जाण्यापूर्वीं मधल्या भिंती कोणत्या फोडावयाच्या नाहींत तें लेखी मागून घ्या. गेल्यावर पहिल्या आठवड्यांत घरांतल्या सर्वांनीं, मुलाबाळांसुद्धां, जिन्यानें जवळच्या आसऱ्याच्या जागेपर्यंत एकदां उतरून पाहा. लिफ्ट, पंप व अग्निरक्षण यांचा मासिक खर्च चाळीच्या भाड्याशीं ताडून पाहूं नका. ते त्या इमारतीचे श्वास आहेत, आणि वर्गणी थकली म्हणजे प्रथम तेच कोंडतात. ज्यांना हा खर्च जड जाईल असें शेजारीं कोणी असेल, तर त्याची वाट सोसायटीनें आधींच काढून ठेवावी. नाहीं तर विनामूल्य मिळालेलें घर दहा वर्षांत विकून जाण्याची पाळी त्याच्यावर येईल. आणि रोज दिवेलागणीला तासभर आपलें दार उघडें ठेवा. सातांपैकीं दोघांनीं ठेवलें तरी बाकीच्यांचीं हळूहळू उघडतात.

त्या माउलीनें काय केलें तें सांगून पुरें करतों. त्यांना लिहितां येत नाहीं. त्यांनीं नातीला जवळ बसवून जुन्या वाटेवरच्या वीस दारांचीं नांवें क्रमानें सांगितलीं, आणि त्यांतलें कोणतें कुटुंब आतां कोणत्या मजल्यावर गेलें तें वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सर्वांना विचारून प्रत्येक नांवापुढें लिहून घेतलें. मीं गेलों तेव्हां तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागें चिकटविलेला होता. चौदा नांवांपुढें मजला लिहिलेला, सहा अजून रिकामीं. दर शनिवारीं दुपारीं एक घर, असा त्यांचा नेम आहे. त्या शनिवारीं एकतिसावा मजला होता. म्हणून आम्हांला चहा देऊन त्यांनीं लगबगीनें चपला घातल्या, आणि लिफ्टचें बटण दाबण्यासाठीं नातीला हांक मारली.